स्मेल्टरचा स्लॅग, धूळ आणि गाळ यांतून धातू काढणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्मेल्टरचा कचरा म्हणजे नेमकं काय काय?

स्मेल्टर म्हणजे खनिज वितळवून धातू काढणारा कारखाना. तिथल्या भट्टीत खनिज वितळलं की जड धातू तळाला जातो आणि त्यातली दगडमाती रस होऊन वर तरंगते. हा रस म्हणजे स्लॅग. डोळ्यांत भरतो तो त्याचा डोंगर, पण कचरा तेवढाच नसतो. भट्टीच्या धुराबरोबर उडालेली धूळ बॅगफिल्टरच्या कापडी पिशव्यांमध्ये अडकते. तांबं शुद्ध करण्याच्या टाक्यांच्या तळाशी काळा गाळ साचतो, तो अ‍ॅनोड स्लाइम. जस्ताच्या कारखान्यात द्रावणातलं लोह वेगळं करताना पिवळा चिखल तयार होतो, तो जारोसाइट. अ‍ॅल्युमिनिअम वितळवताना वर जमा होतो तो ड्रॉस.

यातल्या प्रत्येकाची रीत वेगळी आहे. म्हणून ‘स्लॅगमधून धातू निघतो का हो?’ असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठला स्लॅग? दुसरा प्रश्न, त्यात धातू कुठल्या रूपात अडकलाय? आणि तिसरा, धातू काढून झाल्यावर उरलेल्या नव्वद-पंच्याण्णव टक्के मालाचं काय करणार? टक्केवारीची चौकशी मी त्यानंतर करतो. बहुतेक योजना फसतात त्या तिसऱ्या प्रश्नापाशी, धातूच्या टक्क्यापाशी नव्हे.

धातू काढून झाल्यावरही स्लॅगमध्ये धातू उरतोच कसा?

तांब्याचं उदाहरण घेऊ. तांब्याचं सल्फाइड खनिज आणि वाळू 1200 ते 1250 अंश सेल्सिअसला वितळवली की दोन रस वेगळे होतात. खाली तांबं, लोह आणि गंधक यांचं मॅट, वर लोह आणि वाळूचा स्लॅग. एक टन तांब्यामागे साधारण दोन ते तीन टन स्लॅग निघतो. मॅटचे बारीक थेंब खाली उतरायला वेळ लागतो आणि भट्टी काही त्यांच्यासाठी थांबत नाही. त्यात स्लॅगमध्ये मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं एक ऑक्साइड, वाढलं की रस घट्ट होतो आणि थेंब मधेच लटकून राहतात. थोडं तांबं तर स्लॅगमध्ये चक्क विरघळलेलं असतं, त्याला कितीही वेळ दिला तरी ते खाली बसत नाही.

असा स्लॅग घासून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की हे सगळं एका नजरेत दिसतं. फायालाइटच्या, म्हणजे लोह आणि वाळूच्या संयुगाच्या, करड्या लांबट पट्ट्या, त्यांच्या मधे मॅग्नेटाइटचे कोनदार उजळ ठिपके आणि इथेतिथे चकाकणारे गोल थेंब, तेच मॅट. काही थेंब टाचणीच्या डोक्याएवढे, काही इतके बारीक की लेन्स बदलावी लागते. मोठे थेंब परत मिळवता येतात. बारीक थेंबांसाठी सगळा दगड पिठासारखा दळावा लागतो आणि दळायला वीज लागते. हिशेब इथेच ठरतो.

मग तांब्याच्या स्लॅगमधून तांबं काढतात कसं?

दोन वाटा रुळलेल्या आहेत. पहिलीत वितळलेला स्लॅग विजेच्या भट्टीत ओतून गरम ठेवतात आणि थोडा कोक टाकतात. कोकमुळे मॅग्नेटाइट कमी होतं, रस पातळ होतो आणि थेंब खाली उतरतात.

दुसरी वाट संथ थंड करण्याची. स्लॅग मोठ्या भांड्यांत ओतून दिवसभर किंवा त्याहून जास्त वेळ हळूहळू निवू देतात. तेवढ्या वेळात बारीक थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात. मग फोडणं, दळणं आणि फेसावर तरंगवून तांब्याचे कण वेगळे करणं, म्हणजे खनिजाला लावतात तीच प्रक्रिया. तोच स्लॅग पाण्याच्या फवाऱ्याखाली झटकन थंड केला तर काचेसारखे काळे दाणे मिळतात. त्यातले थेंब जिथल्या तिथे गोठतात आणि ते सोडवणं जिकिरीचं होऊन बसतं. भट्टीतून बाहेर पडल्यावरचे पहिले काही तास कसे गेले, यावर पुढचं अर्धं अर्थकारण ठरतं. जुने ढीग विकत घेणारे नेमकं हेच विचारायला विसरतात.

स्लॅगमध्ये 0.7 टक्के तांबं आणि खाणीतल्या खनिजातही तेवढंच. मग खाण खोदायची कशाला?

प्रश्न रास्त आहे. आज जगातल्या अनेक मोठ्या खाणींतल्या खनिजात तांबं एक टक्क्याच्या आतच असतं. गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यातली मलांजखंडची खाण आपल्याकडची मोठी, तिथलंही खनिज एक टक्क्याच्या आसपासचं. स्लॅगच्या बाजूने सांगायचं तर तो आधीच वर काढलेला आहे, सुरुंग लावायची गरज नाही. पण खनिजातलं तांबं चॅल्कोपायराइट या तांब्याच्या सल्फाइडच्या स्वतंत्र कणांत असतं आणि ते कण फेसावर सहज चढतात. स्लॅगमधलं तांबं विखुरलेलं आणि काही प्रमाणात विरघळलेलं. दगडही जास्त कठीण, चक्कीचे गोळे आणि अस्तर लवकर झिजतात. आणि ढीग कितीही मोठा दिसला तरी खाणीपुढे तो छोटाच. चालत्या स्मेल्टरच्या आवारात, रोज ताजा स्लॅग येत असताना हे काम परवडतं. दूर कुठे पडलेल्या जुन्या ढिगासाठी नवी चक्की, उरलेला गाळ अडवायला नवं धरण आणि नवा रस्ता उभारायचा म्हटलं की आकडे फिरतात.

जस्ताचं काय? ते तर उडून जातं म्हणतात.

उडतं, आणि त्याचाच फायदा घेतात. जस्त 907 अंशांना उकळतं. शिशाच्या भट्टीतल्या स्लॅगमध्ये दहा टक्क्यांहून जास्त जस्त राहू शकतं. त्या रसात कोळशाची पूड आणि हवा फुंकली की जस्ताची वाफ होते, वर आल्यावर ती पुन्हा हवेत जळते आणि झिंक ऑक्साइडची पांढरी पूड बॅगफिल्टरमध्ये जमा होते. याला फ्युमिंग म्हणतात. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या ईस्ट हेलेना इथे 1927 मध्ये आणि त्यानंतर कॅनडात ट्रेल इथे ही पद्धत सुरू झाली. आज दक्षिण कोरियातल्या ओन्सान इथला कोरिया झिंकचा कारखाना याच तत्त्वावर आपला चिखल भट्टीत घालून निर्धोक स्लॅग करतो.

जस्ताच्या वाफेशी आपली ओळख फार जुनी आहे. उदयपूरजवळच्या झावर इथे मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशी उलट्या लावून, वाफ खाली उतरवून जस्त काढत असत. युरोपात मोठ्या प्रमाणावर जस्त काढायला लागले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. वापरून झालेल्या मुशींचे ढीग तिथे आजही आहेत. गावातल्या काही घरांच्या भिंतीच त्या मुशी रचून बांधल्यात, ओळीने बसवलेली त्यांची गोल तोंडं बाहेरून दिसतात. स्मेल्टरच्या कचऱ्याचं बांधकामसाहित्य करायची कल्पना कुठल्याही अहवालाआधी तिथल्या गवंड्यांना सुचली होती.

जारोसाइटमधून धातू निघतो का?

निघतो, पण फार कमी ठिकाणी काढतात. 1960 च्या दशकात नॉर्वे, स्पेन आणि ऑस्ट्रेलियात जवळपास एकाच वेळी ही जारोसाइट पद्धत पुढे आली. तिच्यामुळे द्रावणातलं लोह सहज गाळता येऊ लागलं आणि जस्ताचा उतारा वाढला. त्याची किंमत म्हणजे एक टन जस्तामागे अर्ध्या टनाहून जास्त चिखल. त्यात थोडं जस्त, शिसं, कधी चांदी. चिखल आम्लयुक्त, उघड्यावर ठेवायला नालायक.

भारतात यावर रूढ झालेला उपाय म्हणजे त्यात चुना आणि सिमेंट मिसळून त्याचा घट्ट गोळा करणं. हे तंत्र कॅनडातून आलं, त्याचं नाव जारोफिक्स. रस्त्याच्या भरावात ते वापरता येतं. माझं मत विचाराल तर ही व्यवस्थित केलेली विल्हेवाट आहे, धातूची वसुली नव्हे. सिमेंटमध्ये एकदा बसलेलं जस्त परत काढायला कोणी येणार नाही. फ्युमिंग महाग आहे, कोळसा खातं, पण धातू परत देतं आणि उरतो तो काचेसारखा स्लॅग. दोन्ही गोष्टींना ‘पुनर्वापर’ असं एकच लेबल लावलेलं दिसलं तर अहवाल नीट वाचा.

जुन्या ढिगांत खजिना असतो, हे कितपत खरं?

कधीकधी असतो, आणि त्याच्या बातमीतून पैसा जास्त लवकर बनतो. ग्रीसमधल्या लाव्रिओची गोष्ट बघा. प्राचीन अथेन्सची चांदी इथल्या खाणींतून यायची. त्या काळच्या लोकांनी चांदी काढून घेतली, पण शिसं बऱ्यापैकी स्लॅगमध्ये राहिलं. 1864 मध्ये सेर्पिएरी नावाच्या इटालियन उद्योजकाने तो हजारो वर्षांचा स्लॅग पुन्हा वितळवायला घेतला, आणि शिसं खरोखरच निघालं. मग वाद पेटला. परवाना स्लॅगचा होता, पण खाणीतून काढून टाकलेल्या हलक्या प्रतीच्या खनिजाचे ढीग कोणाचे? सरकारने 1871 मध्ये कायदा करून ते आपले म्हटले, फ्रान्स आणि इटली मध्ये पडले. 1873 मध्ये सिंग्रोस या बँकरने कंपनी घेतली आणि तिचे शेअर विकायला काढले. अथेन्सच्या लोकांनी ढिगात सोनं आहे अशा अफवांवर ते चढ्या भावाने घेतले आणि भाव कोसळल्यावर हात चोळत बसले. ढिगात शिसं होतं, पण शेअरच्या भावाएवढं नव्हतं.

दुसरं उदाहरण काँगोतल्या लुबुंबाशीचं. तिथला तांब्याचा स्मेल्टर 1911 मध्ये सुरू झाला. खनिजात कोबाल्टही होतं, त्यातलं बरंचसं स्लॅगबरोबर बाहेर गेलं. शहराला लागून काळा डोंगर उभा राहिला, लोक त्याला ‘बिग हिल’ म्हणतात. 2000 च्या सुमारास तिथे मोठी विजेची भट्टी बसवून त्या स्लॅगमधून तांबं-कोबाल्टचा मिश्रधातू काढायला सुरुवात झाली. तो शुद्ध करायला फिनलंडमधल्या कोक्कोलाला जायचा. हा ढीग चालला, कारण त्यात राहिलेल्या धातूची किंमत ढीग रचणाऱ्यांच्या काळापेक्षा कैकपट वाढली. जुना ढीग फायद्याचा ठरतो तो बहुधा असा: त्या काळी नको असलेला धातू आज हवाहवासा झालेला असतो.

ढिगांवर स्थानिक लोक हाताने काम करतात, ते चुकीचं आहे का?

पोट भरायला करतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण किंमत फार मोठी आहे. झांबियातल्या किटवे इथे तांब्याच्या स्लॅगच्या ‘ब्लॅक माउंटन’वर जून 2018 मध्ये कडा कोसळून दहा जण गाडले गेले. त्याच देशातल्या काब्वेचा शिशाचा स्मेल्टर 1994 मध्ये बंद पडला, तरी तिथल्या मुलांच्या रक्तात आजही शिसं सापडतं. त्या ढिगाची धूळ वाऱ्याने अंगणात येते. तांब्याचा ढीग आणि शिशाचा ढीग यांना एका मापाने मोजू नये, शिशाच्या ढिगापासून मुलं लांबच हवीत.

सोनंचांदी निघते ती कुठून?

स्लॅगमधून नव्हे, अ‍ॅनोड स्लाइममधून. टाकीत टांगलेल्या अशुद्ध तांब्याच्या पाटीतलं, म्हणजे अ‍ॅनोडमधलं सोनं, चांदी, सेलेनियम, टेल्युरियम टाकीत विरघळत नाही आणि तळाशी बसतं. टनाला जेमतेम काही किलो गाळ, पण मोलाचा. आधी त्यातलं तांबं विरघळवून काढतात, मग भाजून सेलेनियम उडवतात आणि पाण्यात पकडतात, मग छोट्या भट्टीत सोन्याचांदीचा मिश्रधातू ओततात. जगातलं बहुतेक सेलेनियम आणि टेल्युरियम याच गाळातून येतं. कॅडमियम टेल्युराइडच्या सौर पॅनेलना टेल्युरियम लागतं, म्हणून अमेरिकेत युटामधल्या केनेकॉट स्मेल्टरने 2022 मध्ये ते वेगळं काढायला सुरुवात केली.

यूट्यूबवर बादलीत तेजाब ओतून ‘गाळातून सोनं’ काढणारे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करू नका. सेलेनियमची वाफ आणि नायट्रिक आम्लाचा तपकिरी धूर दोन्ही फुप्फुसांची वाट लावतात.

जर्मेनियम, गॅलियम, इंडियम यांची एवढी चर्चा का चाललीय?

या धातूंच्या स्वतंत्र खाणी जवळपास नाहीतच. जर्मेनियम आणि इंडियम जस्ताच्या खनिजाबरोबर येतात, गॅलियम अ‍ॅल्युमिनिअमच्या खनिजाबरोबर, म्हणजे बॉक्साइटबरोबर. म्हणजे जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनाच्या कारखान्याने ते बाजूला काढलं नाही तर ते गाळात जातं. चीनने 1 ऑगस्ट 2023 पासून गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं, तेव्हा सगळे आपापले गाळ तपासायला लागले. भारत सरकारने 2023 मध्येच 30 महत्त्वाच्या खनिजांची यादी काढली. तिच्यात हे तिन्ही आहेत, शिवाय सेलेनियम, टेल्युरियम आणि कॅडमियमही. यादीत नाव येणं वेगळं आणि टनाला काही ग्रॅम असलेला धातू परवडेल अशा खर्चात वेगळा काढणं वेगळं.

आपल्याकडे नागपूरजवळ वाडीला अ‍ॅल्युमिनिअमवर संशोधन करणारी जेएनएआरडीडीसी ही संस्था आहे आणि बॉक्साइटमधून अ‍ॅल्युमिना काढल्यावर उरणाऱ्या लाल चिखलावर तिथे बरंच काम झालंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुर्गमानवाडीचं बॉक्साइट बेळगावच्या अ‍ॅल्युमिना कारखान्यात जातं, म्हणजे हा लाल चिखल आपल्या घराजवळचाच विषय आहे.

लोखंडाचा स्लॅग रस्त्यात आणि काँक्रीटमध्ये वापरला तर चालतो?

ब्लास्ट फर्नेसचा स्लॅग पाण्याने झटकन थंड केला की त्यात सिमेंटचा गुण येतो. स्लॅग सिमेंट त्यातूनच होतं आणि खाऱ्या हवेच्या किनाऱ्यावर ते चांगलं टिकतं. त्याची काळजी नको.

पोलादाचा स्लॅग मात्र वेगळा. त्यात मोकळा चुना राहतो, पाणी लागलं की तो फुगतो आणि वरचा थर उचलतो. म्हणून तो आधी लोहचुंबकाखालून काढून, पाणी मारून, महिनोन्‌महिने मुरवावा लागतो. आयएस 383 या काँक्रीटच्या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत स्लॅगच्या खडीला जागा मिळाली, पण पोलादाच्या स्लॅगला सळईच्या काँक्रीटमध्ये नाही. रस्त्यात तो चांगला चालतो. सुरतेत हजिऱ्याला 2022 मध्ये असा सहापदरी रस्ता झाला आणि 2024 च्या सुरुवातीला मुंबई-गोवा महामार्गावर रायगडात त्याचा एक तुकडा झाला. कंत्राटदार ‘मुरवलेला आहे’ म्हणाला तर फुगण्याच्या चाचणीचा कागद मागा.

आमच्या डायकास्टिंगच्या शेडमध्ये ड्रॉस पावसात भिजला की डोळे चुरचुरतात. का?

अमोनिया. गरम अ‍ॅल्युमिनिअम हवेतल्या नायट्रोजनशी संयोग पावतं, ते नायट्राइड पाणी लागलं की अमोनिया सोडतं. सोबत हायड्रोजनही येऊ शकतो, म्हणून बंद खोलीत ओला ड्रॉस ठेवणं धोक्याचं. ड्रॉसमध्ये बरंच अ‍ॅल्युमिनिअम असतं आणि ड्रॉस भट्टीतून काढून घेतल्यावर पहिल्या काही मिनिटांत ते जळत राहतं, पांढरं लखलखताना दिसतं ना, तो तुमचा पैसा जळतोय. ताबडतोब प्रेसमध्ये दाबा किंवा थंड करा. आणि साठवताना कोरड्या, हवेशीर जागी, ताडपत्रीखाली.

जालन्याच्या इंडक्शन भट्टीचा किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीचा स्लॅग विकायचा असेल तर?

त्यात मिळण्यासारखं म्हणजे अडकलेले लोखंडाचे दाणे. जॉ क्रशर आणि चुंबकी रोलर एवढ्यावर ते निघतात, उरलेलं भरावाला जातं. यात चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

कायद्याचं मात्र नीट बघा. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत भट्टीचे स्लॅग, जारोसाइट, लाल चिखल यांना ‘प्रमाण मोठं, परिणाम कमी’ अशा गटात वेगळं ठेवलंय. पण भट्टीची धूळ आणि शिशाचे अवशेष घातकच. ते दुसऱ्या कुणी कच्चा माल म्हणून घ्यायचे तर नियम 9 खाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते, आणि आवारात साठवायची मुदत साधारण 90 दिवस. विनापरवाना धूळ उचलणारा टेम्पोवाला चांगला भाव देतो. ती धूळ उद्या ओढ्यात सापडली तर कागदोपत्री मालक तुम्हीच.

ढिगाचा नमुना कसा घ्यायचा?

वरवरचा घेऊ नका. वरचा थर पावसाने धुतलेला असतो आणि ढिगाच्या पायथ्याशी मोठे दगड घरंगळलेले असतात. दोन्ही ठिकाणचा आकडा खोटा निघतो. जेसीबीने आडवे चर मारा किंवा बोअर घ्या, वेगवेगळ्या खोलीवरचा माल वेगळा ठेवा. मग तो फोडून, मिसळून, शंकूसारखा रचा, चपटा करा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका. हातात मावेल एवढा होईपर्यंत हेच. शेवटच्या पुडीचे तीन भाग करा: एक तुमच्या प्रयोगशाळेला, एक खरेदीदाराला, तिसरा दोघांच्या सह्यांनी सीलबंद. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत तर ही तिसरी पुडी फोडून तिसऱ्याच प्रयोगशाळेकडे पाठवतात आणि तिच्या आकड्यावर भाव ठरतो.